उजव्या गालावरची तीट

“सही मराठीत करणार की इंग्रजीत?” पिसाळ वकिलांनी मला विचारलं.

“मराठीत. पूर्ण नाव. इंदुमती शंकर गुरव.”

“बरं. कागद टाइप होऊन येईपर्यंत बाहेर बसा. अर्धा तास लागेल, आज सगळ्यांनाच घाई आहे.”

मला घाई नव्हती. त्या कागदात दोनच कलमं होती. पहिलं, विट्याच्या डॉक्टर मगदुमांनी साळुंखे कुटुंबाला ठरलेली नुकसानभरपाई द्यायची. दुसरं, त्यांच्या दवाखान्यातली नर्स इंदुमती गुरव हिने यापुढे जन्मात कुठल्याही मुलाला लस टोचायची नाही. पहिल्या कलमावर दोन महिने घासाघीस झाली होती. दुसऱ्यावर अजिबात झाली नाही. मुलीचे वडील महेंद्र साळुंखे पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, “पैशाचं काय ते तुमी बघा. पण ह्या बाईच्या हातात परत सुई दिसता कामा नये.” मी मान डोलावली होती. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले होते.

याला आता अकरा वर्षं झाली. सांगलीच्या कोर्टात लोकअदालत होती. एप्रिलमधला शनिवार, उन्हाने व्हरांड्याची फरशीसुद्धा तापलेली. मी जाऊन बाकावर बसले, तर समोरच्या बाकावर नेमक्या हौसाबाई. ज्या मुलीमुळे हा दावा लागला तिची आजी, आईची आई. दोन्ही बाजूंना दोन नाती. मुलीचे आईवडील आत त्यांच्या पिसाळ वकिलांपाशी होते. हौसाबाईंनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांचं बरोबरच होतं. मीही पर्समधला रुमाल काढून त्याच्या घड्या मोडत आणि घालत बसले.

डॉक्टर मगदुमांच्या बालदवाखान्यात मी तेव्हा सव्वीस वर्षं काढली होती. आमच्याकडे बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लशीचा, वार गुरुवार. ती लस दहा मुलांच्या कुपीत येते आणि कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून आजूबाजूच्या गावांतली सगळी तान्ही मुलं आम्ही एकाच दिवशी बोलावायचो. गुरुवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. बायका डॉक्टरांची नाही, माझी वाट बघायच्या. ‘गुरव सिस्टरचा हात हलका’ असं पंचक्रोशीत बोललं जायचं, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला आवडायचं. टोचून झालं की मी मुलाचं तोंड ओल्या कापसाने पुसायचे, टेबलाच्या खणातून काजळाची डबी काढून फिसकटलेली तीट परत लावायचे आणि मगच मूल आईच्या हातात द्यायचे. आमचे डॉक्टर या डबीला हसायचे. “सिस्टर, ही कुठली लस?” म्हणायचे. मी म्हणायचे, “ही आयांची लस. ही दिली नाही तर त्यांना रात्रभर झोप येत नाही.”

त्या जानेवारीतल्या गुरुवारी साळुंख्यांच्या जुळ्या मुली आल्या. दीड महिन्याच्या. बाप मदुराईला गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं त्याच धंद्यासाठी देशभर पांगलेली. मुलींची आई शीतल बाळंतपणाला माहेरी आलेली. पहिली मुलगी हौसाबाईंनी आत आणली. नातीला सुई लागताना बघवेना म्हणून मूल माझ्या हातात देऊन त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पहिलीला टोचलं आणि कुपी संपली. दुसरी कुपी औषधाच्या एजन्सीतून बर्फाच्या डब्यात यायला सव्वा तास गेला. मग मी हाक मारली, दुसरी आली, तिलाही टोचलं. त्या दिवशी माझ्या हाताखालून एकोणीस मुलं गेली.

शनिवारी दोघींपैकी अनुष्काला, म्हणजे थोरलीला, सणकून ताप भरला आणि झटके आले. मिरजेच्या दवाखान्यात अकरा दिवस ती काचेच्या पेटीत होती. मोठमोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पण झटके कशाने आले ते कुणालाच नक्की सांगता येईना. मग कुणीतरी विचारलं, “याआधी काय दिलं होतं?” आणि बाकीचं आपोआप जुळत गेलं. गुरुवारी सुई, शनिवारी झटके. मीही त्यांच्या जागी असते तर तेच म्हणाले असते.

लस तपासली, तारीख तपासली, फ्रिज तपासला. सगळं ठीक निघालं. बाकीची सगळी मुलं खुशाल होती. पण माझ्या मनाची काही केल्या समजूत पटेना. हात तर माझाच होता. डॉक्टरांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही, पण पुढच्या गुरुवारी मी सिरिंज भरायला घेतली आणि बोटं अशी थरथरायला लागली की मी सिरिंज परत ट्रेमध्ये ठेवली. त्यानंतर सव्वादोन वर्षं मी मुलांची वजनं केली, कार्डं लिहिली, केर काढायचीही लाज बाळगली नाही. सुई मात्र धरली नाही. त्यामुळे त्या दुसऱ्या कलमाने तसं माझं काहीच जाणार नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. पण कागदावर लिहून देणं वेगळं. सव्वीस वर्षांच्या कामाखाली आपल्याच हाताने रेघ मारायची होती.

मुलींना तिथल्या मोठ्या माणसांच्या भांडणाशी काय देणंघेणं? त्यातली एक बाकावरून उतरली आणि थेट माझ्याकडे आली. रुमाल हवा होता तिला. मी दिला. तिने तो डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. दोघी इतक्या सारख्या की मला काही कळेना.

“ही अनू का?” मी घाबरतच विचारलं.

हौसाबाई बोलणार नाहीत असं वाटलं होतं, पण नातींचं नाव निघालं की कुठल्या आजीला गप्प बसवतं?

“न्हाई, ती तनू. धाकली,” त्या म्हणाल्या. “गालाकडं बघा की. डाव्या गालाला तीट ती तनू, उजव्या गालाला ती अनू. जलमल्यापास्नं तसंच लावतोय. मला दिसाय कमी, वळखू येत न्हाईत, म्हणून लेकीनंच ही खूण काढली.”

“बरी युक्ती,” मी म्हणाले. “अनूची तब्येत कशी आहे आता?”

“बरी हाय. वरीस झालं, झटका न्हाई. गोळी निम्मी केलीया डॉक्टरनी. बोलाय लागली की ऐकत न्हाई कुणाला.”

एवढं बोलून आपण कोणाशी बोलतोय ते त्यांना आठवलं असावं. त्या पदराने वारा घ्यायला लागल्या.

तनू घामाने निथळत होती. अनूच्या अंगात बिनबाह्यांचा पातळ झगा, आणि हिला मात्र मनगटापर्यंत बाह्यांचा, बटणं लावलेला जाड झगा. एकसारख्या मुलींना एकसारखे कपडे घालायची हौस कुणाला नसते? आणि इथे एकीला असा आणि दुसरीला तसा. कपाळावरचे केस भिजून चिकटले होते. माझी जन्माची खोड, मूल घामेजलं की आधी त्याचे कपडे सैल करायचे. मी तिचं मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सारायला लागले.

“नगो!” हौसाबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की लांब उभ्या असलेल्या शिपायाने वळून पाहिलं. “हात लावू नगा तिला!”

पण तोवर बाही खांद्यापर्यंत गेली होती. तनूच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण होता. आणि त्याच्या बोटभर खाली आणखी एक. दोन वाटोळे, चकचकीत, मसुरीच्या डाळीएवढे.

मी एकदा पाहिलं, परत पाहिलं. सव्वीस वर्षांत मी असे हजारो व्रण पाहिले होते. एका दंडावर दोन कधी पाहिले नव्हते. मी उठले, समोरच्या बाकापाशी गेले आणि अनूचा डावा दंड हातात घेतला. तिने खुशाल घेऊ दिला. दंड कोरा होता. मी उजवा पाहिला. तोही कोरा.

“मावशी,” मी हळूच म्हणाले, “हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

हौसाबाईंनी तनूला ओढून मांडीवर घेतलं आणि तिची बाही खाली केली.

“मला काय म्हाईत? कसलं काय?”

“एकीला दोनदा टोचलंय. एकीला टोचलंच नाही.”

मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

“शीतल मिरजंला थोरलीपाशी हुती,” त्या म्हणाल्या. “धाकली माझ्यापाशी. म्हैन्याभरानं आंघूळ घालताना दंडाला दोन फोड दिसलं. शेजारणीच्या नातवाला एकच उठला हुता. तवाच माझ्या काळजात चर्र झालं. शीतलला खोटंच सांगितलं, ह्या वक्ताला दोन सुया असत्यात, हिला दोन्ही दंडातच दिल्यात. तिचं ध्यान थोरलीकडं. ती बरं म्हणली.”

“पण त्या दिवशी झालं काय?”

“तुमी म्हणला, औषध संपलंय, बसा. शीतलला भवळ यायला लागली. आमचं पावनं, जावई, सुट्टीला आल्यालं, ते तिला च्या पाजाय घिऊन गेलं. दोन्ही पोरी माझ्यापाशी. मग तुमी हाक मारली, साळुंख्यांची दुसरी आणा. बघतीया तर दोघींच्याबी उजव्या गालाला तीट! आता कुटली उचलू? शीतलला इचारावं तर ती आदीच म्हणत हुती, आये, तुझं डोळं गेल्यात, पोरींस्नी तू उचलू नगो. म्हणलं, आता हे सांगितलं तर पोरी हातात द्यायची न्हाई परत. मग माझ्या मनानं घेतलं, जिला टोचलंय ती रडंल, जिला न्हाई ती गप असंल. एक रडत हुती, एक झोपली हुती. झोपल्याली उचलली आन् तुमच्याकडं आणली. मागनं दोघींचीबी तीट पुसून टाकली, शीतलला कळाय नगो म्हणून.”

“आणि रडत होती ती?”

“भुकंनं रडत हुती ओ,” हौसाबाई म्हणाल्या. “भुकंनं.”

खरं सांगते, ते ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. ज्या मुलीचे झटके दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे नाचत होते, त्या मुलीला मी हातच लावला नव्हता. तिच्या अंगात माझी सुई गेलीच नव्हती. मला तिथल्या तिथे मोठ्याने हसावंसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. समोर एक म्हातारी बाई रडत होती आणि मी मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते.

आणि मग मला ती तीट आठवली.

दोघींच्याही उजव्या गालाला? पहिली मुलगी रडली होती. रडून तिचं काजळ गालभर पसरलं होतं. मी तोंड पुसलं, खण उघडला, डबी काढली. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. माझ्या आईने आम्हा भावंडांना उजव्या गालाला तीट लावली, मी माझ्या दोन्ही मुलांना उजव्या गालाला लावली. त्या पोरीलाही मी उजव्याच गालाला लावली असणार. दुसरीकडे बोट जायचं काही कारणच नव्हतं. तीट म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून लावायची, एवढंच मला माहीत होतं. त्या घरात तीट म्हणजे मुलीचं नाव होतं, ते मला कुठून ठाऊक असणार? आणि दुसऱ्या वेळी दंडावरचा सुईचा ताजा लाल टिपका मला दिसायला हवा होता. तोही मी पाहिला नाही. एकोणीस मुलं होती, हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

“बाई, तुमच्या पाया पडती,” हौसाबाई म्हणत होत्या. “आत सांगू नगा. जावई मला दारात उभं करायचा न्हाई. लेक तोंड बघायची न्हाई. तुमचं काय, आता एक सही. दावा मिटतूय. मिटू द्या.”

“मावशी, धाकटीच्या उजव्या गालाला तीट मी लावली.”

“काय?”

“तिची पुसली गेली होती. तुमचं तोंड भिंतीकडे होतं. मी माझ्या काजळाने परत लावली. मला काय माहीत ती डाव्या गालाची मुलगी आहे!”

मला वाटलं, आता हौसाबाई शिव्या घालणार. पण त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मंजी... खरंच दोघींच्याबी उजव्या गालाला हुती?”

“होती.”

“माझ्या डोळ्यास्नी चुकीचं दिसलं न्हवतं?”

“नाही, मावशी. तुम्हाला बरोबर दिसलं होतं.”

“अगं बाई माझे,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा रडायला लागल्या, पण हे रडणं वेगळं होतं. “सव्वादोन वर्सं मी सवताला कोसतीया. म्हणलं, आंधळी म्हातारी, तुला दिसत न्हाई ते न्हाई, वर लाज झाकतीस. तवापास्नं पोरींस्नी एकलीनं उचलाय भ्या वाटतंय मला.”

आत माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठले. हौसाबाईंनी डोळे पुसले, एका काखेला तनूला घेतलं, दुसऱ्या हाताने अनूला धरलं आणि म्हणाल्या, “चला. मी बी येती.”

“सांगायचं?”

“मग काय करायचं? ही पोरगी जलमभर लांब बाह्यांचंच घालंल व्हय?”

आत एका टेबलामागे निवृत्त न्यायाधीशबाई बसल्या होत्या. चष्मा नाकावर घसरलेला, समोर फायलींचा ढीग. एका बाजूला डॉक्टर मगदूम, दुसऱ्या बाजूला साळुंखे नवराबायको, मध्ये पिसाळ वकील. कागद तयार होता. वकिलांनी पेन माझ्यापुढे धरलं.

“सही करते,” मी म्हणाले, “पण त्याआधी या दोन्ही मुलींचे दंड बघा.”

“सिस्टर, आता या वेळी...” पिसाळ वकील म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी हात वर केला. “बघू.”

हौसाबाईंनी स्वतः तनूची बाही वर केली. मग अनूला पुढे ढकललं. डॉक्टर मगदूम उठले, वाकून त्यांनी एक दंड पाहिला, मग दुसरा. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. मी माझी तीट सांगितली. हौसाबाईंनी त्यांची निवड सांगितली. दोघींनी मिळून पाच मिनिटंही घेतली नसतील. मला वाटत होतं, फार मोठी गोष्ट आहे.

“डॉक्टर, याचा अर्थ काय?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“कधी कधी लस देऊनही व्रण उठत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तेवढ्यावरून मी काही बोललो नसतो. पण एकीला दोन आणि दुसरीला एकही नाही, आणि या दोघी सांगतात ते ऐकल्यावर, अर्थ एकच. धाकटीला दोनदा लस गेली. तिला त्याने काही झालं नाही, ते तुमच्यापुढे आहेच. थोरलीला लस मिळालीच नाही.”

महेंद्र साळुंखे ताडकन उठले. आधी माझ्यावर आले. “मंजी एकीला दोनदा टोचलं तुमी? दोनदा? आन् वर सांगताय?”

“हो,” मी म्हणाले.

मग ते सासूकडे वळले. “आन् मामी, तुमी? दोन वर्सं गप बसला? मी सांगलीला खेपा घालतूय, वकिलाच्या दारात बसतूय, आन् तुमी पोरीला लांब बाह्या शिवून घालताय?”

हौसाबाईंनी मान खाली घातली. पण शीतल त्या दोघांकडे बघत नव्हती. ती डॉक्टरांकडे बघत होती.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “अनूला सुई लागलीच न्हाई?”

“नाही.”

“मग झटके?”

“ते कशाने आले ते मला आजही सांगता येणार नाही. मिरजेच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण आमच्या सुईने नाही, एवढं आता नक्की सांगता येतं.”

“म्हणजे मी न्हेली म्हणून न्हाई?”

कुणाला लगेच काही कळलं नाही. शीतल खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“ह्ये म्हणत हुते, मदुराईला गेल्यावर टोचू,” ती हातांआडून बोलत होती. “मीच हट्ट केला. म्हणलं, न्हाई, हितंच टोचायचं, गुरव सिस्टरचा हात हलका. माझ्या पायानं मी चालत न्हेली तिला. रोज रातचं तिच्या उशाशी बसून मी तेच म्हणती. मीच न्हेली.”

“मी कवा तुला बोललो का तसं?” महेंद्र म्हणाले.

“एकदा बोललासा. एकदाच. पर बोललासा.”

महेंद्र साळुंखे हळूच खाली बसले. त्यांचा सगळा राग कुठे गेला कोण जाणे. त्यांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला, चारचौघांत, आणि तो काढला नाही. अनू आईच्या गुडघ्याला लोंबकळत “आई रडती, आई रडती” म्हणून सगळ्यांना सांगत होती.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, “आता तडजोडीचं काय करायचं? हा कागद तर आता उभा राहत नाही.”

पिसाळ वकिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्यांच्याआधी डॉक्टर बोलले. “चूक झालीच आहे. दाव्यात लिहिली ती नाही, वेगळी. एकीला जास्त दिली, एकीला दिलीच नाही. ती माझ्या दवाखान्यात झाली. दाव्याचा खर्च मी देतो, आणि दोन्ही मुली मोठ्या होईपर्यंत त्यांच्याकडून मी फी घेणार नाही. एवढं साळुंख्यांनी मान्य करावं.”

“आन् ती भरपाई खोडा,” महेंद्र म्हणाले. “आमी गलाईवाली माणसं, मॅडम. भट्टीत जे खोटं निघालं ते बाजूला काढायचं असतंय. जे आमचं न्हाई ते नगो.”

“दुसरं कलम?” न्यायाधीशबाईंनी कागदावर बोट ठेवलं. “नर्सबाईंनी लस टोचायची नाही, ते?”

मी जमिनीकडे बघत होते. तेही खोडा, असं महेंद्र म्हणाले नाहीत. मला ते समजत होतं. चूक माझी होतीच, आणि ज्याने दोन वर्षं मला मनातल्या मनात शिव्या दिल्या त्याने एका मिनिटात मला माफ का करावं?

“ते बी खोडा,” शीतल म्हणाली. तिने अजून तोंडावरचा हात पुरता काढला नव्हता. “त्यांनी सांगितलं नसतं तर मी मरूस्तवर हेच धरून बसली असती.”

न्यायाधीशबाईंनी शीतलच्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, अगदी थोडी. त्यांनी स्वतःच्या पेनने त्या कलमावर आडवी रेघ मारली, आणि मी सही केली. मराठीत, पूर्ण नाव.

बाहेर आल्यावर हौसाबाईंना जावई काय म्हणतो याची मला धास्ती होती. महेंद्रनी रसाच्या गाडीवर जाऊन सहा ग्लास रस सांगितला, त्यातला पहिला सासूच्या हातात दिला आणि म्हणाले, “मामी, घरी गेल्यावर पोरीचा तो झगा आदी काढा.” हौसाबाईंना रडावं की हसावं कळेना. त्यांनी रस प्यायला.

पुढच्या गुरुवारी शीतल अनूला घेऊन आली. दोन्ही मुलींच्या तेव्हापासून राहिलेल्या सगळ्या लशींची यादी डॉक्टरांनी करून ठेवली होती. ते स्वतः सुई घ्यायला उठले, तर शीतल म्हणाली, “तुमी नगो डॉक्टर. सिस्टर.”

मी साबणाने हात धुतले. दुसऱ्यांदाही धुतले. सिरिंज भरली. बोटं थरथरतात की काय म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले, पण त्यांना काम आठवत होतं. हौसाबाई दारात उभ्या होत्या, तनूला काखेला घेऊन, तिच्या अंगात आता बिनबाह्यांचा झगा. या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

सुई गेली, बाहेर आली. अनूने क्षणभर विचार केला आणि मग असा काही भोंगा पसरला की बाहेरची मुलंही तिला साथ द्यायला लागली. अश्रूंनी तीट गालभर झाली. मी ओला कापूस घेतला, तिचं तोंड स्वच्छ पुसलं, खण उघडला, डबी काढली, काजळात बोट बुडवलं. आणि बोट तसंच हवेत राहिलं.

“शीतल,” मी विचारलं, “कुठल्या गालाला?”

शीतलने तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला.

“उजव्या, बाई, उजव्या! हितनंसुदिक दिसतंय मला, ही अनू हाय.”